फवारणी करणाऱ्या गड्याचें संरक्षण

सोयाबीन व तूर यांवर अळी दिसूं लागली म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्यांत फवारणीची एकच घाई उडते. औषध कोणतें, तें किती पाण्यांत घालावें व पंपामागें मजुरी किती द्यावी, याचा विचार प्रत्येक खातेदार करतो. परंतु तें औषध ज्याच्या अंगावर उडतें त्या गड्याचा विचार बहुधा तो आजारी पडल्यावरच होतो. तो आधीं कां व कसा करावा, हें येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

इ. स. २०१७ च्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना शेंकडों माणसांस विषबाधा झाली व वीसांहून अधिक माणसें दगावलीं. त्यांत शेतकरी होते, तसेच रोजानें लावलेले मजूरही होते. कपाशी उंच व दाट वाढली होती. तींत शिरून फवारतांना औषध अंगावर व तोंडावर येई. कित्येकांनीं दोन-तीन औषधें एकत्र कालविलीं होतीं, आणि अंगावर संरक्षक कपडे नव्हते. सरकारनें विशेष तपास पथक नेमलें व पांच प्रकारच्या औषधांची विक्री विदर्भांतील पांच जिल्ह्यांत कांहीं काळ बंद केली.

नाकातोंडाला रुमाल बांधला म्हणजे झालें, अशी पुष्कळांची समजूत असते. ती अपुरी आहे; कारण फवाऱ्याचें विष मुख्यतः कातडींतून शरीरांत जातें. १९७१ सालीं अमेरिकेंतील डॉ. मायबाख व त्यांचे सहकारी यांनीं पॅराथिऑन नांवाचें औषध अत्यल्प प्रमाणांत माणसांच्या त्वचेवर लावून तें किती मुरतें याचें मोजमाप प्रसिद्ध केलें. कोपराखालच्या हातांतून शेंकडा सुमारें ९, टाळूंतून ३२, कपाळांतून ३६, काखेंतून ६४ आणि वृषणाच्या कातडींतून जवळजवळ सर्व औषध आंत गेलें. यावरून गळका पंप किती घातक हें ध्यानांत येईल. पाठीवरचा ओघळ कमरेखालीं उतरतो व जेथें त्वचा सर्वांत अधिक शोषून घेते तेथेंच मुरतो.

ऑर्गॅनोफॉस्फेट जातीचीं औषधें रक्तांतील व मज्जातंतूंतील कोलिनेस्टरेज नांवाचें द्रव्य निकामी करतात. तें फार कमी झालें म्हणजे घाम व लाळ सुटते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, उलट्या होतात व श्वास कोंडतो. रक्त तपासल्यास ही घट लक्षणें दिसण्यापूर्वींच कळूं शकते. म्हणून कॅलिफोर्निया प्रांतानें १९७४ पासून अशीं औषधें हाताळणाऱ्या मजुरांची रक्ततपासणी सुरू केली. आपल्याकडेही १९७१ च्या कीटकनाशक नियमांत फवारणी करणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी सांगितली आहे. परंतु अशी तपासणी झालेला एकही मजूर आमच्या शिवारांत माझ्या पाहण्यांत नाहीं.

मी कचेरींत कारकून असतां एका मजुराची विधवा अर्ज घेऊन आली. नवरा दुसऱ्याच्या तुरीवर फवारतांना पडला होता. शेतकरी अपघात योजनेंत खातेदारास व त्याच्या कुटुंबांतील एका व्यक्तीस संरक्षण आहे. अशा विषबाधेनें मृत्यु आल्यास दोन लाख रुपये मिळतात. पण तिच्या घरीं सातबारा नव्हता. तो कागद मींच माझ्या हातानें परत दिला. ज्याच्या नांवावर जमीन नाहीं, त्याचें रक्षण जमीनवाल्यानेंच केलें पाहिजे, हें त्या दिवशीं मला कळलें.

यास्तव प्रत्येक खातेदारानें पुढील गोष्टी पाळाव्या :

१. डब्यावरील रंगीत त्रिकोण पाहावा. तांबडा सर्वांत जहाल, त्याखालीं पिवळा, मग निळा व शेवटीं हिरवा. सौम्य औषधानें भागत असतां जहाल आणूं नये.

२. गळका पंप शेतांत नेऊं नये. तुंबलेलें नोजल तोंडानें फुंकूं देऊं नये. औषध हातानें न ढवळतां काठीनें ढवळावें.

३. पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, बूट व पाठीला प्लास्टिकचें आच्छादन मालकानें द्यावें. बांधावर साबण व पाणी ठेवावें. कपडे भिजतांच बदलावे.

४. मजुरी पंपावर न ठरवितां दिवसावर ठरवावी. पंपामागें पैसे मिळाले म्हणजे गडी उन्हांत व उलट्या वाऱ्यांतही थांबत नाहीं.

५. गड्यास चक्कर किंवा मळमळ वाटतांच कपडे काढून अंग साबणानें धुवावें व औषधाच्या डब्यासह त्यास रुग्णालयांत न्यावें. या जातीच्या विषावर अॅट्रोपिनचा उतारा आहे, पण तो वेळेवर मिळाला पाहिजे. घरगुती उपायांत वेळ दवडूं नये.

शेवटीं एक सूचना. आपल्या संस्थेच्या सभासदांनीं हंगामापूर्वीं आपापल्या गड्यांची रक्ततपासणी एकत्र करवून घ्यावी व हंगामांत ती पुन्हां करून आंकडे ताडून पाहावे. बियाण्याची उगवण आपण पेरणीपूर्वीं तपासतोंच. पेरलेलें राखणाऱ्या माणसासाठीं तेवढी तसदी जड वाटूं नये.