जेसीबीच्या आधी नळी आणि खुंट्या

प्रश्न : पुसद तालुक्यात टेकडीवर आमचं वावर आहे. खाली पांदण रस्ता, वर वावर आणि मधल्या उतारावर आमच्याच मालकीची सागाची, मोहाची झाडं. बंडीची जुनी वाट दोन-तीन पावसाळ्यांत खांदून गेली. आता ट्रॅक्टर वर जात नाही. जेसीबीवाला म्हणतो, दोन दिवसांत सरळ वर रस्ता काढून देतो. काढावा का?
— एक शेतकरी, पुसद तालुका

उत्तर : सरळ वर मुळीच काढू नका. पुढच्या पावसाळ्यात तो रस्ता राहणार नाही, नाला होईल.

हिशेब करून पाहा. तुमचं वावर पांदणीपासून 30 मीटर उंचावर आहे आणि टेकडीचा उतार अडीचला एक आहे असं धरू. सरळ गेलं तर आडवं अंतर 75 मीटर भरतं. कमी वाटतं, म्हणूनच मोह होतो. पण या चढावर रिकामा ट्रॅक्टर कसाबसा चढेल, भरलेली ट्रॉली उतरवणं मात्र जिवावरचं काम आहे. आपल्याकडे ट्रॉलीला बहुधा स्वतःचा ब्रेक नसतो. तीस-चाळीस क्विंटल सोयाबीन मागून ढकलत असतं आणि सगळा भार ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर येतो. त्यातून सोयाबीन निघतं ऑक्टोबरात, जमीन अजून ओली असताना. तेव्हा चढ किती ठेवायचा हे वर जाताना नाही, भरून खाली येताना काय होईल यावर ठरवा. सरकारी घाटरस्त्याला साधारण वीसला एक चढ धरतात. शेतरस्त्याला तेवढं परवडत नाही, म्हणून दहाला एक ठेवा. म्हणजे तुमचा रस्ता 75 ऐवजी 300 मीटरचा होईल आणि टेकडीच्या अंगावरून तिरपा जाईल. चौपट लांबी बघून घाबरू नका, टिकेल तो हाच.

हा चढ नजरेनं साधत नाही. टेकडीवर उभं राहिलं की डोळा हमखास फसतो. पाणलोटाची कामं केलेल्या गावांत हायड्रोमार्कर सगळ्यांना ठाऊक आहे. पारदर्शक नळीत पाणी भरायचं आणि तिची दोन टोकं फुटांच्या खुणा केलेल्या दोन काठ्यांना बांधायची. समपातळी चर आखायला हीच नळी वापरतात. रस्त्यासाठी एवढाच फरक करा : काठ्या एकमेकींपासून 20 फुटांवर धरा. खालच्या काठीवर पाणी 4 फुटांवर असेल, तर वरच्या काठीवर ते 2 फुटांवर दिसलं पाहिजे. जास्त उतरलं तर वरच्या माणसानं उताराकडे सरकायचं, कमी उतरलं तर चढाकडे. जुळलं की खुंटी ठोकायची, चुना टाकायचा आणि पुढचे 20 फूट. तीनशे मीटरला पन्नासेक खुंट्या लागतात. दोन माणसांचं एका दिवसाचं काम आहे आणि अख्ख्या रस्त्याचं भवितव्य त्यात ठरतं. जेसीबी त्यानंतर बोलवा आणि चालकाला सांगा, खुंटी सोडायची नाही.

आखणी करताना टेकडीची सोंड धरा, घळ टाळा. सोंडेवर मातीचा थर पातळ असतो आणि खाली मुरूम लवकर लागतो. घळीत काळी माती साचलेली असते, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. आपल्या टेकड्या लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झाल्यात. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. तिथून दिवाळीपर्यंत पाणी झिरपत राहतं. असा पट्टा कापावाच लागला तर आतल्या अंगाला दगडी नाली हवीच. जिथे वळसा घ्यावा लागेल तिथे टेकडीवर नैसर्गिक सपाटी शोधा. घाटरस्त्याच्या वळणावर चढ चाळीसला एक इतका कमी ठेवतात, कारण वळतानाच गाडी जोर हरते. ट्रॉलीसह वळायला तेवढी ऐसपैस जागा लागतेच, अरुंद वळणावर ट्रॉली आतल्या बाजूनं झाडावर घासते.

आता खोदाई. साडेतीन मीटर रुंदीचा रस्ता सगळाच टेकडी कापून केला, तर अडीचला एक उतारावर शंभर मीटरला सुमारे 245 घनमीटर माती-मुरूम काढावा लागतो. अर्धा रस्ता कापून आणि निघालेल्या मुरमाचा खालच्या बाजूला भराव टाकून केला, तर खोदाई 60 घनमीटरवर येते. रुंदी निम्मी झाली की खोदाई पाव होते. पैसा इथे वाचतो. मात्र भराव नुसता लोटून द्यायचा नाही. आधी गवत-पालापाचोळा खरवडून काढा, उताराला पायऱ्या पाडा आणि वीतभर थर टाकून, थोडं पाणी मारून, दबाई करत वर या. झाडाची खोडं भरावात गाडली गेली तर तो सगळा भराव एक दिवस सरकतो, कारण खालचं लाकूड कुजून पोकळी होते. आणि जिथे टेकडी दीडला एकपेक्षा उभी असेल तिथे भरावाचा नाद सोडा, पूर्ण रुंदी कापूनच घ्या. तिथे सैल मुरूम उभा राहत नाही.

जिल्ह्यात वर्षाला 900 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण पडतो तेव्हा काही तासांत धो धो पडतो. म्हणून पाण्याला रस्त्यावर लांब चालू द्यायचं नाही. दर 25-30 मीटरवर रस्त्यातच एक उथळ, तिरपा खोलगट भाग ठेवा. ट्रॉली त्यावरून सहज जाते आणि पाणी बाजूला उतरतं. ते उतरतं तिथे दगड पसरा, नाहीतर भरावच पोखरेल. ओहोळ ओलांडायला बहुतेक जण सिमेंटचा पाइप टाकतात. सागाच्या रानात मला पाइप पसंत नाही. उन्हाळ्याआधी साग सगळी पानं झाडतो. ती हातभर रुंद पानं पहिल्याच मोठ्या पावसात वाहत येतात, पाइपच्या तोंडावर एकावर एक चिकटतात आणि पाणी रस्त्यावरून उसळतं. त्यापेक्षा दगडांचा रपटा बांधा. चार तास पाणी वरून जाईल, पाचव्या तासाला तुम्ही जाल.

रस्त्याच्या खालच्या बाजूची झाडं शक्यतो तोडू नका, भराव तीच धरून ठेवतात. खोडाभोवती मातीचा ढीग मात्र करू नका, झाड गुदमरतं. उघड्या पडलेल्या उतारावर घायपात आणि निर्गुडी लावा. निर्गुडीला शेळी तोंड लावत नाही.

पण खुंटी ठोकण्याच्याही आधी सातबारा आणि मोजणीचा नकाशा पाहा. टेकडीचा काही भाग ई-क्लासचा किंवा वनविभागाचा निघाला तर परवानगीशिवाय कुदळ लावता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 12 डिसेंबर 1996 च्या आदेशानं सरकारी नोंदीत ‘वन’ असलेली जमीनही, मालक कोणीही असो, वन संरक्षण कायद्याखाली येते. जमीन निव्वळ तुमची असली तरी साग आणि मोह दोन्ही 1964 च्या झाडे तोडण्याच्या कायद्याच्या अनुसूचीत आहेत. वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज करून परवानगी हातात आल्यावरच कुऱ्हाड लावा. कापणीत निघालेला मुरूम तिथेच वापरणं सोयीचं. बाहेरून आणायचा तर तहसीलची परवानगी आणि स्वामित्वधन आलं.

खालच्या शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून वाट हवी असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम 143 आहे. हद्दीवरून रस्ता देण्याचा अर्ज तहसीलदाराकडे करता येतो. चालू वाट कोणी अडवली असेल तर 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याचं कलम 5 लागतं, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावं लागतं. दोन्हींच्या आधी शेजाऱ्याशी बोला आणि ठरेल ते लिहून घ्या.

पहिल्या वर्षी गिट्टी टाकू नका. एक पावसाळा जाऊ द्या. पाऊस चालू असताना फावडं घेऊन रस्त्यावर फिरा. पाणी कुठे थांबतं, कुठे काठ खातं ते तेव्हाच दिसतं आणि दोन फावड्यांत दुरुस्त होतं.

प्रश्न : झरी जामणी तालुक्यात आमच्या कोलाम पोडावर जायला जंगलातून पायवाट आहे. पावसाळ्यात आजारी माणूस खाटेवर न्यावा लागतो. श्रमदानानं आम्हीच वाट रुंद केली तर चालेल का?

उत्तर : श्रमदानाची ताकद मोठी आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या गुंडेगावचे राजाराम भापकर गुरुजी प्राथमिक शिक्षक होते. त्यांनी पगारातून आणि निवृत्तिवेतनातून मजुरी देत, गावाला सोबत घेत, डोंगर फोडून गावाभोवती रस्ते केले. त्यात अनेक दशकं गेली. पण तुमची वाट वनजमिनीतली आहे आणि तिथे परस्पर खोदलं तर गुन्हा तुमच्यावर दाखल होईल. तुमच्या हक्काची वाट वेगळी आहे.

2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 3(2) मध्ये शाळा, दवाखाना यांसारख्या 13 सुविधांसाठी वनजमीन वळवता येते आणि रस्ता त्यांतच येतो. अटी तीन : प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तुटू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस. कापणी-भरावासह पाच मीटरचा पट्टा धरला तरी जवळपास दोन किलोमीटर रस्ता एवढ्या जमिनीत बसतो. काम सरकारी यंत्रणेनं करायचं असतं. शिवाय कोलाम ही राज्यातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक आहे, कातकरी आणि माडिया गोंड या दुसऱ्या दोन. त्यांच्या वस्त्यांसाठी 15 नोव्हेंबर 2023 ला पीएम-जनमन सुरू झालं आणि त्यात किमान शंभर लोकवस्तीच्या वस्तीला रस्ता बसतो.

म्हणून आधी ग्रामसभा घ्या. नळी आणि खुंट्या वापरून वाटेची पाहणी तुम्हीच करा, पण खोदू नका. कुठून कुठे, किती लांब, मध्ये किती ओहोळ, पट्ट्यात येणारी झाडं किती आणि कोणती हे मोजून कच्च्या नकाशावर लिहा. तो नकाशा ठरावाला जोडून वनपरिक्षेत्र अधिकारी आणि आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय दोन्हींकडे द्या आणि पोच घ्या. झाडांचा आकडा आधीच पुढे असला की वनविभागाला नुसत्या पाहणीसाठी तुमचा अर्ज महिनोन् महिने बाजूला ठेवायला कारण उरत नाही.