भुईमुगाच्या तांबेऱ्यावर रानटी जातीचा उतारा

दमट हवेत भुईमुगाच्या पानांच्या खालच्या बाजूस तांबूस पुटकुळ्या येतात. बोट लावताच भुकटी लागते. हाच तांबेरा. त्याच्या जोडीस टिक्का आला की पाने गळतात व उत्पादन निम्म्याहूनही खाली येऊ शकते. बुरशीनाशकाची फवारणी हा उपाय खरा. परंतु कोरडवाहू शेतकऱ्यास तो खर्च कोठून पेलणार? प्रतिकारशक्ती बियाण्यातच हवी.

ती मिळाली बोलिव्हियातील 'अरॅकिस कार्डेनासी' या रानटी भुईमुगाकडून. अडचण गुणसूत्रांची होती. लागवडीच्या भुईमुगात ती ४०, तर या रानटी जातीत २०. साहजिकच संकर ३० गुणसूत्रांचा व वांझ. कोल्चिसिन या द्रव्याने संख्या दुप्पट, म्हणजे ६० केली, तेव्हा रोपे फळास आली. पुढील पिढ्यांत संख्या उतरत ४० वर स्थिरावली आणि रानटी जातीचा अल्पसा अंश मागे राहिला. त्या अंशातच प्रतिकारक जनुके होती. याच वंशातून धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा 'जीपीबीडी ४' हा वाण निघाला.

पूर्वी प्रतिकारक रोप ओळखण्यास रोगाची वाट पाहावी लागे. जनुकालगतची खूण सापडल्यावर कोवळ्या पानाच्या तपासणीवरून निवड होऊ लागली. हैदराबादजवळील 'इक्रिसॅट' संस्थेने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या कार्यात तांबेऱ्याची प्रतिकारशक्ती आपल्या जळगावच्या 'जेएल २४' व ट्रॉम्बे-अकोल्याच्या 'टीएजी २४' या वाणांत अशाच रीतीने उतरविली. भुईमूग स्वपरागित असल्याने हा गुण शेतकऱ्याने घरी राखलेल्या बियाण्यातही उतरतो.