मोबाइल आणि आपला ठावठिकाणा

खरीप हंगामात शेतकरी आपल्या शेताच्या बांधावर उभा राहतो, मोबाइलवर ई-पीक पाहणीचे ॲप उघडतो आणि उभ्या पिकाचे छायाचित्र घेतो. ते छायाचित्र कोठे घेतले, याचे अक्षांश-रेखांशही त्यासोबत नोंदले जातात. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या या पद्धतीमुळे आपल्या सातबारावरील पिकाची नोंद शेतकऱ्यास स्वतः करता येऊ लागली. येथे मोबाइलने त्याचा ठावठिकाणा विचारला, तो कशासाठी हे त्यास ठाऊक होते, आणि काम आटोपताच विचारण्याचे प्रयोजनही संपले.

त्याच मोबाइलमध्ये मुलाने एखादा खेळ घेतलेला असतो. कोणी तरी टॉर्चचे किंवा पंचांगाचे ॲप घालून दिलेले असते. त्यांपैकी एखादे ॲपही तेच अक्षांश-रेखांश वाचत असू शकते. बांधावर, बाजारात, दवाखान्यात आणि रात्री घरी ते ही नोंद घेत राहते. ते का, कोणासाठी आणि किती काळ, याची मोबाइलधारकास कल्पना नसते. ठावठिकाणा एकच, परंतु पहिल्या प्रसंगी तो कामापुरता दिला गेला, दुसऱ्या प्रसंगी तो नकळत घेतला गेला. मोबाइलधारकाच्या खाजगीपणाचा सारा प्रश्न या दोहोंतील फरकात सामावलेला आहे.

मोबाइलला आपले स्थान कसे कळते?

मोबाइलचे स्थान कळण्याचे मुख्य मार्ग तीन आहेत. पहिला मार्ग मनोऱ्यांचा. आपणांस आलेला फोन कोणत्या मनोऱ्यावरून जोडून द्यावयाचा, हे दूरसंचार कंपनीस ठाऊक असावेच लागते. म्हणून चालू असलेला प्रत्येक मोबाइल जवळच्या मनोऱ्याकडे आपली हजेरी लावीत असतो. शहरात मनोरे दाट असल्याने हे स्थान काही शे मीटरपर्यंत कळू शकते. ग्रामीण भागात ते काही किलोमीटरच्या परिघात कळते. ही हजेरी साध्या, बटणांच्या मोबाइललाही चुकत नाही.

दुसरा मार्ग उपग्रहांचा. उपग्रह आपल्यावर नजर ठेवतो, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २० हजार किलोमीटर उंचीवरून केवळ आपली वेळ व स्थान सांगणारे संदेश पाठवीत असतात. मोबाइल किमान चार उपग्रहांचे संदेश ऐकून स्वतःचे स्थान स्वतःच मोजतो. भारताची नाविक ही प्रणालीही याच तत्त्वावर चालते. उपग्रहास आपल्या मोबाइलचा पत्ताही नसतो. उत्तर मोबाइलमध्येच तयार होते. ते उत्तर कोणते ॲप वाचते आणि पुढे कोणास पाठवते, हा खरा प्रश्न होय.

तिसरा मार्ग वायफाय व ब्लूटूथ यांचा. कोणते वायफाय यंत्र कोणत्या ठिकाणी आहे, याच्या प्रचंड याद्या मोठ्या कंपन्यांनी तयार केलेल्या आहेत. आसपासची यंत्रे कोणती, एवढे टिपूनही मोबाइल आपले स्थान ठरवितो. उपग्रहाचे संदेश इमारतीच्या आत नीट पोहोचत नाहीत, तेथे हा मार्ग उपयोगी पडतो.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतील. लोकेशनचे बटण बंद केले तरी मनोऱ्याकडील हजेरी थांबत नाही. उलट, विमानप्रवासाची स्थिती चालू केली म्हणजे मनोऱ्याशी संबंध तुटतो. पण उपग्रहाचे संदेश मोबाइल ऐकतच राहू शकतो आणि ॲपने टिपून ठेवलेले स्थान पुन्हा जोडणी मिळताच रवाना होऊ शकते. एका बटणाने सर्व काही साधते, हा भ्रम म्हणूनच सोडावयास हवा.

नाव नसले तरी ओळख पटते

अनेक विनामूल्य ॲपांच्या पोटात जाहिरात कंपन्यांनी पुरविलेले आज्ञावलीचे तुकडे असतात. प्रत्येक स्मार्टफोनला जाहिरातींसाठी एक ओळखक्रमांक दिलेला असतो. त्या क्रमांकाखाली निरनिराळ्या ॲपांतून आलेली माहिती एकत्र होते आणि तिची खरेदी-विक्रीही होते. या व्यवहारात व्यक्तीचे नाव नसते, म्हणून धोका नाही, असे सांगितले जाते.

ते कितपत खरे आहे, याचा अभ्यास झालेला आहे. सुमारे १५ लाख मोबाइलधारकांच्या १५ महिन्यांच्या नोंदी तपासून संशोधकांनी २०१३ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्थान आणि वेळ यांच्या केवळ चार नोंदी हाती असल्या, तर त्या समूहातील ९५ टक्के व्यक्तींचा माग वेगळा काढता येतो, असे त्यांस आढळले. यात आश्चर्य वाटावयास नको. जो मोबाइल रात्री अमुक वस्तीवर आणि सकाळी अकरा ते पाच अमुक गावच्या शाळेत असतो, तो कोणत्या गुरुजींचा, हे सांगावयास नावाची गरज कोठे उरते?

स्ट्राव्हा या व्यायामाची नोंद ठेवणाऱ्या ॲपने नोव्हेंबर २०१७ मध्ये आपल्या वापरकर्त्यांच्या धावण्याच्या मार्गांचा एकत्रित नकाशा प्रसिद्ध केला. त्यात कोणाचेही नाव नव्हते. तथापि निर्मनुष्य प्रदेशात उजळून दिसणाऱ्या रेषांवरून परदेशांतील लष्करी तळांची जागा व आतील वाटा उघड झाल्याचे जानेवारी २०१८ मध्ये लक्षात आले. सैनिकांनी कोणतेही गुपित सांगितले नव्हते. ते केवळ सकाळी धावले होते.

"माझ्याकडे लपविण्यासारखे आहे काय?" असे पुष्कळ जण विचारतात. लपविणे आणि खाजगी ठेवणे यांत भेद आहे. एखादी स्त्री तालुक्याच्या रुग्णालयात कोणत्या विभागात जाऊन आली, एखादा कर्मचारी मनोविकारतज्ज्ञाकडे उपचार घेतो, एखाद्या साक्षीदाराने पोलीस ठाण्यात किती वेळ घालविला, यांपैकी एकही गोष्ट लज्जास्पद नाही. परंतु ती चारचौघांच्या हाती गेली, तर त्या व्यक्तीचे लग्न, नोकरी किंवा जीवही धोक्यात येऊ शकतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२४ मध्ये एका कंपनीस रुग्णालये, प्रार्थनास्थळे अशा संवेदनशील ठिकाणांशी निगडित स्थानमाहिती विकण्यास मनाई करण्याचे पाऊल उचलले, ते याच कारणासाठी.

कायदा काय सांगतो?

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी, निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर एकमताने निर्णय दिला की, खाजगीपण हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क होय. अनुच्छेद २१ मधील जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचा तो अविभाज्य भाग मानला गेला. या हक्कावर मर्यादा घालावयाची तर त्यास कायद्याचा आधार हवा, उद्देश योग्य हवा, आणि उपाय उद्देशाच्या प्रमाणात हवा.

त्यानंतर संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ संमत केला. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून, त्यांतील बहुतेक मुख्य जबाबदाऱ्या अधिसूचनेनंतर १८ महिन्यांनी अमलात येतील असे ठरविण्यात आले. या अधिनियमानुसार संमती ही मुक्त, विवक्षित व माहितीपूर्वक दिलेली असली पाहिजे. ती जितक्या सहजपणे दिली तितक्याच सहजपणे मागे घेता आली पाहिजे. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय नागरिकास मिळावयास हवा. १८ वर्षांखालील मुलांवर पाळत ठेवणे आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती करणे यांस, ठराविक अपवाद सोडून, मनाई आहे. सुरक्षिततेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

शासकीय वाचकांनी एक गोष्ट विशेषत्वाने ध्यानात ठेवावी. अनुदान, लाभ, दाखला किंवा परवाना देण्यासाठी शासनयंत्रणेस काही परिस्थितीत संमतीवाचूनही माहिती वापरता येते. परंतु त्यासाठी मानके घालून दिलेली आहेत: माहिती त्या उद्देशापुरतीच घ्यावी, आवश्यक तेवढीच घ्यावी, आवश्यक तेवढाच काळ ठेवावी आणि सुरक्षित ठेवावी.

आपल्या हातातील उपाय

मोबाइलच्या प्रकारानुसार शब्द थोडे बदलतील, तरी पुढील गोष्टी बहुतेक स्मार्टफोनमध्ये अर्ध्या तासात करता येतात.

१. सेटिंग्जमध्ये लोकेशन उघडून कोणत्या ॲपांस परवानगी आहे ती यादी वाचावी. ज्यास स्थानाचे काम नाही, त्याची परवानगी काढून घ्यावी. नकाशासारख्या ॲपास 'वापरत असतानाच' एवढीच द्यावी. 'नेहमी' ही परवानगी विरळाच लागते.

२. हवामानासारख्या कामास गाव कळले तरी पुरते, घर कळण्याचे कारण नाही. तेथे अचूक स्थानाची सोय बंद करून अदमासे स्थान द्यावे.

३. अँड्रॉइड मोबाइलमध्ये जाहिरातींसाठीचा ओळखक्रमांक सेटिंग्जमधून पुसून टाकता येतो. आयफोनमध्ये एप्रिल २०२१ पासून इतर कंपन्यांच्या ॲपांतून माग काढण्यापूर्वी ॲपास अनुमती मागावी लागते. ही विनंतीच सरसकट नाकारण्याची सोय आहे.

४. गूगल खात्यातील स्थानांचा इतिहास आणि वेब व ॲप यांवरील हालचालींची नोंद ही दोन्ही तपासावीत. पहिली नोंद बंद केली तरी दुसरीतून स्थान साठविले जात असल्याचे असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने ऑगस्ट २०१८ मध्ये दाखवून दिले. या संबंधात गूगलने नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील ४० राज्यांशी ३९ कोटी १५ लाख डॉलरची तडजोड केली.

५. लोकेशनच्या पानावरच वायफाय व ब्लूटूथ यांच्या शोधाची बटणे असतात. गरज नसल्यास तीही बंद ठेवावीत.

६. मोबाइलमधील खाते कोणाचे आहे, हे पाहावे. खरेदीच्या वेळी दुकानदाराने किंवा नातलगाने खाते उघडून दिलेले असते आणि पासवर्ड त्यांच्यापाशीच राहतो. हरवलेला मोबाइल शोधण्याच्या सोयीने अशा व्यक्तीस आपला ठावठिकाणा घरबसल्या पाहता येतो. खाते स्वतःचे करावे, पासवर्ड बदलावा. घरातील व्यक्तीकडूनच भय असलेल्या स्त्रीने मात्र हे बदल एकाएकी करू नयेत. अगोदर १८१ या महिला मदतवाहिनीचा सल्ला घ्यावा.

७. कर्ज देणाऱ्या ॲपांबाबत सावध राहावे. नियमनाखालील संस्थांच्या कर्ज ॲपांनी मोबाइलमधील संपर्कांची यादी, फोनच्या नोंदी व छायाचित्रे पाहू नयेत, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये बजावले आहे. जे ॲप ही परवानगी मागते, त्याच्याकडून कर्ज न घेणेच श्रेयस्कर. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

मात्र लोकेशन हे शत्रू समजून कायमचे बंद करण्याचेही कारण नाही. अपघातप्रसंगी ११२ वर मदत मागताना किंवा अनोळखी वाटेवर रात्री घरच्यांना आपण कोठे आहोत हे कळविताना तेच उपयोगी पडते. सत्ता आपल्या हाती असावी, एवढेच.

इतरांचा ठावठिकाणा आपल्यापाशी

अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांचे काम स्वतःच्या मोबाइलपाशी संपत नाही. घरकुलाच्या बांधकामाची, पोषण आहाराची, लाभार्थ्यांची छायाचित्रे त्यांच्या मोबाइलमध्ये असतात. पुष्कळ छायाचित्रांत ते घेतल्याचे स्थान व वेळ आपोआप भरलेली असते. व्हॉट्सॲपवर छायाचित्र म्हणून पाठविल्यास ही माहिती सहसा गळून पडते. दस्तऐवज म्हणून पाठविल्यास ती जशीच्या तशी पोहोचते. विधवा किंवा एकट्या राहणाऱ्या वृद्धेच्या घराचे असे छायाचित्र गावच्या समूहावर गेले, तर तिच्या दाराची वाट कोणासही सापडू शकते. म्हणून स्थानासह छायाचित्र केवळ शासकीय ॲपमध्ये भरावे, समूहावर टाकू नये, आणि काम होताच मोबाइलमधून काढून टाकावे.

शाळेने पालकांस एखादे ॲप घेण्यास सांगण्यापूर्वी ते कोणत्या परवानग्या मागते, हे मुख्याध्यापकांनी स्वतः पाहावे. गृहपाठ कळविण्यासाठी मुलाचे स्थान कशास हवे, हा प्रश्न विचारण्यात संकोच नसावा. हजेरीच्या ॲपाबाबतही हीच कसोटी लावावी. कामाच्या वेळी कामाच्या जागी असल्याची नोंद समजण्यासारखी आहे. रात्रीची व सुटीच्या दिवसाची नोंद कोणत्या कामाची? नोंद कोण पाहते आणि ती केव्हा पुसली जाते, हे कर्मचाऱ्यास सांगितले गेले पाहिजे.

ग्रामसभेनंतर किंवा पालकसभेनंतर अर्धा तास सर्वांनी आपापले मोबाइल हाती घेऊन परवानग्यांची यादी एकत्र वाचावी. त्यास खर्च नाही, तज्ज्ञाची गरज नाही. यत्ता नववीतील विद्यार्थी हे काम उत्तम करून दाखवतील. प्रत्येक परवानगीपाशी दोनच प्रश्न विचारावेत: हे कोणत्या कामासाठी, आणि काम संपल्यावर काय? बांधावरच्या शेतकऱ्यास या दोन्ही प्रश्नांची उत्तरे ठाऊक होती. ज्या ॲपास ती देता येत नाहीत, त्यास आपला ठावठिकाणा विचारण्याचा अधिकार नाही.