पानांतील पाखरू कसे ओळखावे?

मार्गशीर्षातील एखाद्या सकाळी चांदूर बाजारच्या आमराईत क्षणभर स्तब्ध उभे राहा. वारा नसतानाही एखादे पान हालते. तेथे चिमणीहून लहान असे हिरवट पाखरू किडे टिपीत असते. हाच पर्णवटवट्या होय. त्याच्या ‘फायलोस्कोपस’ या शास्त्रीय नावाचा मूळ ग्रीक अर्थच ‘पाने न्याहाळणारा’ असा आहे. वजन जेमतेम ७–८ ग्रॅम, तरी तो दूर उत्तरेकडून आपल्याकडे हिवाळा घालविण्यास येतो.

या कुळातील जाती दिसण्यात इतक्या सारख्या आहेत की, केवळ रंगावर भिस्त ठेवणारा फसतो. इंग्लंडातील सेल्बोर्नचे पाद्री गिल्बर्ट व्हाइट यांनी १७६८ साली अशाच सारख्या दिसणाऱ्या पाखरांच्या तीन जाती निराळ्या करून दाखविल्या. तिघांचे स्वर नेहमी भिन्न असतात, हा त्यांचा मुख्य आधार होता.

म्हणून चार प्रश्न क्रमाने विचारावे: पाखरू कोठे आहे? काय करते? कसे बोलते? अंगावर खूण कोणती? आंब्याच्या दाट शेंड्यात वावरणारा, ‘चि-वीट’ असे ठसक्यात बोलणारा, फिकट लांब भुवईचा तो हिरवट वटवट्या. त्याच्या पंखावर एक बारीक पट्टी असते. पण ती झिजून पुसट होते, म्हणून तिच्यावरच विसंबू नये. नदीकाठच्या बाभळीत खालच्या फांद्यांवर शेपटी वारंवार खाली झुकविणारा, काळ्या पायांचा व मातकट रंगाचा तो चिफचाफ. मेळघाटातील खडकांवर व झाडांच्या खोडांवर सरपटल्यासारखा फिरणारा पिवळ्या पोटाचा वटवट्या याहूनही निराळा.

पाहिलेले तत्क्षणी वहीत लिहावे: तारीख, वेळ, झाड, स्वर. खूण पटली नाही तर ‘ओळख पटली नाही’ असेच लिहावे. त्यात कमीपणा नाही. खोट्या नोंदीने काय अनर्थ होतो, हे रानपिंगळ्याच्या उदाहरणावरून कळते. १८८४ नंतर त्याचा खरा ठावठिकाणा लागला नव्हता. पुढे एका जुन्या नमुन्यास १९१४ सालची खोटी चिठ्ठी जोडली गेली, आणि तिच्यावर विश्वासून शोधकांनी गुजरातेत व्यर्थ शोध केला. अखेर १९९७ साली तो आपल्या महाराष्ट्रात शहाद्याजवळ दिसला, व नंतर मेळघाटातही आढळला.

पाखराचे नाव लिहिणे म्हणजे साक्ष देणे होय. ज्या प्रभूने आपल्या शिष्यांस पाखरांकडे पाहण्यास सांगितले, त्याच्या सृष्टीविषयी आपली साक्ष खरीच असावी.