ङ ला काय शिजवशील?

काल फोनवर तुझा आवाज एवढासा झाला होता. "ताई, रोज काय टाकायचं गं? सुचतच नाही." तुझं ते डब्यांचं इन्स्टाचं पान पहिले वीस दिवस कसं झोकात चाललं होतं, आणि मग एकदम चिडीचूप. अगं, तुझा स्वयंपाक कुठे बिघडलाय? तू पोस्टचा परीक्षेचा पेपर करून ठेवलास, एवढंच. रात्री अकरा वाजता 'आजची राहिली' म्हणून डोळ्यांत पाणी!

गेल्या पावसाळ्यात मीही अशीच अडले होते. मग मुळाक्षरांचा खेळ मांडला. क ते ज्ञ, ३६ अक्षरं, रोज एका अक्षराचा पदार्थ. क ला कारलं, ख ला खरवस, ग ला गवार, घ ला घोसाळ्याची भजी. आणि पाचव्याच दिवशी ङ दारात उभा! 'वाङ्‌मय' आठवलं, पण ते डब्यात कसं भरणार? शेवटी धुऊन पालथा घातलेला रिकामा डबाच टाकला आणि खाली लिहिलं, 'आज ङ चा उपास'. लोक हसले, आणि ञ ला ही काय करणार म्हणून पैजा लावायला लागले. ण ला तर आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी सोडवलं. "पहिलंच अक्षर कशाला हवं? लोणचं घाल की!" तेव्हापासून 'आज काय टाकू' हा प्रश्न माझ्या एकटीचा उरलाच नाही.

खेळाला कुंपण मात्र हवं. 'काहीही टाक' म्हटलं की काहीच सुचत नाही. जेक पार्कर नावाच्या अमेरिकन चित्रकाराने २००९ मध्ये, शाईकामात हात बसावा म्हणून, ऑक्टोबरभर शाईने चित्रं काढायचं ठरवलं. त्याचं ते 'इंकटोबर' आता जगभरचे चित्रकार खेळतात. शाई आणि एक महिना, बस. आपल्याकडे २०२० च्या जुलैत रील्स आले तेव्हा १५ सेकंदच मिळायचे, आठवतं? त्यात पोहे बसवता बसवता मी कांदा चिरणं, पोहे भिजवणं सगळं गाळलं आणि नुसता फोडणीचा चरचराट ठेवला. तोच बरा निघाला, खरं सांगते.

कच्चंपक्कं काही करून बघायचं असेल तर स्टोरीत टाक. २४ तासांनी आपोआप जातं, उंबऱ्यापुढच्या रांगोळीसारखं. उत्साहाच्या दिवशी चार फोटो जास्त काढून ठेव, वाळवणासारखे. अडीअडचणीला उपयोगी पडतात.

सगळेच खेळ रंगत नाहीत हं. आठवडाभर फक्त पिवळं, म्हणजे वरण, पिठलं, भोपळा, असं एकदा ठरवलं आणि तिसऱ्या दिवशी मलाच कावीळ झाल्यासारखं वाटायला लागलं. दिलं सोडून. खेळच तो, व्रत थोडंच? मधेच मोडला म्हणून कुणाचा कोप होत नाही की उद्यापन घालावं लागत नाही.

आणि ते लाइक मोजणं. रविवारी एकदा बघ, बाकी दिवस नाही. माझ्याकडून हे अजून नीट जमत नाही, पण तू तरी कर.

सोमवारी क पासून सुरुवात कर. कर्टोली मिळाली तर उत्तम, नाहीतर कारलं आहेच. आणि ङ ला काय करणार ते मला आधी सांगू नकोस.