सूचनापर लेखन : आसन शरीरानुसार कसे सांगावे?

उद्दिष्टे
या उपघटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला
१. सरसकट सूचना व सशर्त सूचना यांतील फरक सांगता येईल.
२. वेदनावाचक शब्द नेमकेपणाने योजून आसनाची सूचना लिहिता येईल.

प्रस्तावना
विद्यार्थी मित्रहो, समजा, नागझिरा अभयारण्यालगतच्या एखाद्या गावातील महिलांसाठी तुम्हांला योगासनांचे पत्रक लिहायचे आहे. उन्हाळ्यात मोहफुले वेचताना आणि पावसाळ्यात धानाची रोवणी करताना त्या तासन्‌तास कमरेतून वाकलेल्या असतात. त्यांच्यासाठी लिहिलेले वाक्य केवळ व्याकरणशुद्ध असून भागणार नाही. त्याने दुखणे वाढता कामा नये.

विवेचन
१. साध्य आणि साधन : त्रिकोणासनाची सूचना पुष्कळदा अशी आढळते : ‘उजवीकडे झुका व उजवा तळहात जमिनीवर टेकवा.’ हे आज्ञार्थी वाक्य सर्व शरीरे सारखीच मानते. जिचा हात पोचत नाही, ती गुडघा वाकवून किंवा छाती पुढे झुकवून आज्ञा पाळते आणि कमरेवरील भार वाढतो. वास्तविक जमीन गाठणे हे येथे साध्य नव्हे. धड लांब व छाती मोकळी राहणे हे साध्य होय.

१९३७ साली पुण्यात येऊन योग शिकवू लागलेले बी. के. एस. अय्यंगार यांनी लाकडी ठोकळे, पट्टे, दोर व खुर्च्या यांचा आधार आसनांसाठी रूढ केला. १९७५ साली पुण्यात सुरू झालेल्या त्यांच्या संस्थेतील अध्यापनात ही साधने महत्त्वाची ठरली. हात जमिनीपर्यंत नेण्याऐवजी ठोकळा हातापर्यंत आणला, की आसनाचे साध्य अबाधित राहते. लेखनात हीच सोय ‘जर-तर’ची संकेतार्थी रचना करते.

२. वेदनेचे शब्द : ‘दुखल्यास थांबा’ ही सूचना अपुरी आहे. मराठीत ताण बसणे, रग लागणे, अवघडणे, चमक भरणे, कळ निघणे, मुंग्या येणे हे निरनिराळे अनुभव आहेत. सौम्य ताण आसनात अपेक्षित असतो. चमक, कळ व मुंग्या ही मात्र थांबण्याची खूण होय. हे शब्द वाचकाच्या रोजच्या बोलण्यातले असल्याने त्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

३. सुधारित सूचना : ‘पाठीशी भिंत ठेवून उभे राहा. धड लांब ठेवून उजवीकडे झुका. हात जमिनीला पोचत नसेल, तर तो नडगीवर किंवा ठोकळ्यावर टेकवा. बाजूला ताण जाणवेल; परंतु कमरेत चमक भरल्यास किंवा पायाला मुंग्या आल्यास सावकाश सरळ व्हा. असे पुनःपुन्हा होत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.’

सारांश
चांगल्या सूचनेत कृतीबरोबर तिचे साध्य, पर्याय आणि थांबण्याची खूण यांचा समावेश असतो.

स्वाध्याय
१. ‘पाय सरळ ठेवून पुढे वाका व अंगठे धरा’ ही सूचना आखडलेल्या पाठीच्या वाचकासाठी पुन्हा लिहा.
२. तुमच्या बोलीतील पाच वेदनावाचक शब्द नोंदवा व त्यांतील अर्थच्छटा स्पष्ट करा.