आटत्या तलावातली मासेमारी : पापुद्रा, गाळ आणि खड्डे

जालना जिल्ह्यातल्या तलावांवर मासेमारीचा शेवटचा जोर चैत्र-वैशाखात असतो. पावसाळ्यात सोडलेली बोटुकली तोवर विक्रीजोगी झालेली असते, पाणी आटून मासा थोड्या जागेत गोळा झालेला असतो आणि पाऊस लागण्याआधी माल काढून घ्यायची घाई असते. खोल पाण्याला माणूस भितो. उन्हाळ्यात मात्र पाणी गुडघा-मांडीभर उरते, म्हणून भीती चेपते. या दिवसांतला मोठा धोका पाण्यापेक्षा पाण्याकडे जाणाऱ्या जमिनीत असतो.

तलाव कसा आटतो

जिल्ह्यात कल्याण, कल्याण गिरजा, अप्पर दुधना, जुई, धामना, जीवरेखा आणि गल्हाटी हे मध्यम प्रकल्प आहेत. त्यांखेरीज लघुप्रकल्प, पाझर तलाव आणि गावतळी आहेत. पाऊस सरासरीने सातशे मिलिमीटरच्या आतबाहेर, तोही बेभरवशाचा. बहुतेक तलाव पसरट आणि उथळ असल्यामुळे उन्हाळ्यात बाष्पीभवन जोरात होते. पाण्याची पातळी थोडी उतरली तरी काठ दूरवर मागे सरकतो आणि पाण्याभोवती गाळाचा रुंद पट्टा उघडा पडतो. पिण्यासाठी राखलेला साठा आणि मृतसाठा एवढेच पाणी उरते.

मासाही या पाण्यामागे सरकत जातो. कटला, रोहू, मृगळ हे सोडलेले मासे. मरळ, वाम, शिंगाळा हे मूळचे. पाणी तापले की त्यात विरघळणारा प्राणवायू घटतो. वीस अंश सेल्सिअसला एका लिटरमध्ये सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांना साडेसात. त्यात रात्रभर शेवाळही प्राणवायू वापरते. म्हणून मे महिन्यात पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून श्वास घेताना दिसतात. मरळीला हवेतला प्राणवायू घेता येतो, त्यामुळे ती चिखलाच्या कडेने, जेमतेम पाण्यातही तग धरते. भारी भावाची मरळ अशी कडेला दिसली की माणूस गाळाच्या पट्ट्यात उतरतो, आणि इथेच फसतो.

पापुद्रा

या भागातली काळी माती पाण्याने फुगते आणि वाळताना आक्रसते. तलावात वर्षानुवर्षे साचलेला गाळ तिचाच, अतिशय बारीक कणांचा. पाणी मागे हटले की वरचा थर उन्हाने वाळतो, त्याला भेगा पडतात आणि फरशीसारखे तुकडे तयार होतात. हा कोरडा थर खालच्या ओलाव्याचे बाष्पीभवन मंदावतो. त्यामुळे वर बोट टोचणार नाही इतके कडक आणि हातभर खाली पिठल्याइतके मऊ, अशी स्थिती कित्येक आठवडे टिकते.

थंड देशांत हिवाळा सरताना गोठलेल्या तळ्यांवर असाच प्रसंग येतो. फिनलंड, कॅनडा किंवा अमेरिकेतल्या मिनेसोटात बर्फाला भोक पाडून गळ टाकतात. नवा, स्वच्छ बर्फ चार इंच, म्हणजे सुमारे दहा सेंटीमीटर जाड असेल तर एकट्या माणसाने त्यावर पायी जावे, असा मिनेसोटातला ठोकताळा आहे. हंगामाच्या शेवटी हा हिशेब चालत नाही. उन्हाने बर्फाचे उभे स्फटिक एकमेकांपासून सुटतात. जाडी तेवढीच दिसते, ताकद मात्र गेलेली असते. तो बर्फ बहुधा काठाजवळ आधी सुटतो, म्हणून माणसाला तलावात शिरण्याआधीच इशारा मिळतो. जालन्याच्या तलावात उलटे घडते. काठाकडचा गाळ सर्वांत आधी उघडा पडलेला असल्याने तो खोलवर वाळलेला असतो आणि पाण्याकडे जावे तसा पापुद्रा पातळ होत जातो. शंभर पावले जमीन पेलते, त्यामुळे पुढच्या दहा पावलांचा भरवसा वाटू लागतो. भरवसा वाढत असतो आणि त्याच वेळी पायाखालचा आधार कमी होत असतो.

परतीचा हिशेब आणखी वेगळा. जाताना माणूस रिकामा असतो. परतताना खांद्यावर भिजलेले जाळे आणि पाटीत मासा असतो. जाताना ज्या तुकड्याने पेलले तो तेवढ्यात तडकलेलाही असतो. म्हणून आल्या वाटेने परतताना तीच वाट पुन्हा तपासावी लागते, आणि मासा एका खेपेत न आणता दोन-तीन खेपांत आणावा लागतो.

गाळ काढलेले खड्डे

दुसरा धोका माणसाने केलेला आहे. २०१२-१३च्या दुष्काळात जालना शहराला पाणी देणारा घाणेवाडीचा जलाशय आटला आणि त्यातला गाळ काढायला नागरिक पुढे आले. २०१७ पासून राज्यात 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना सुरू झाली. तलावाची साठवण वाढते, शेताला सुपीक गाळ मिळतो. काम मोलाचे आहे. पण पोकलेनने गाळ किंवा मुरूम उचलला की उभ्या कडांचे खड्डे राहतात. टंचाईत विहिरीपर्यंत पाणी आणण्यासाठी तलावाच्या पोटात चरही खोदतात. पाणी थोडे वाढले की खड्डा, चर आणि सपाट तळ सगळे एका पातळीत गढूळ दिसतात. गुडघाभर पाण्यातून चालणारा माणूस पुढच्या पावलाला डोक्यावर पाणी असलेल्या खड्ड्यात जातो, आणि कड घसरडी असल्याने पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही.

खड्डे कुठे आहेत हे उन्हाळ्यात कोरडे असतानाच पाहून ठेवावे लागते. ज्या ट्रॅक्टरवाल्यांनी गाळ वाहिला त्यांना ते नेमके माहीत असतात. मासेमारी सुरू करण्याआधी त्यांच्याकडून माहिती घेऊन कडेला बांबू रोवून लाल चिंध्या बांधणे हे एका सकाळचे काम आहे, आणि ते तलावातल्या मासेमारीचा ठेका घेतलेल्या संस्थेने करावे. पोरे पोहायला येतात तिथे तर हे टाळूच नये.

जमीन वाचणे

गाळाचा अंदाज घेण्याच्या काही खुणा आहेत. रुंद, खोल भेगा आणि राखाडी-पांढरट रंग म्हणजे थर बऱ्यापैकी वाळलेला. बारीक भेगा, काळसर रंग आणि चमक म्हणजे खाली ओल. भेगेत काडी घालून ती ओली येते का पाहावे. म्हशींच्या खुरांचे ठसे उत्तम खूण आहेत: ठसे उथळ आहेत तोवर जमीन घट्ट, ते खोल होत गेले की मऊ, आणि जिथे जनावरे वळून परत गेली तिथे माणसानेही थांबावे. बगळे पाण्याच्या कडेला निवांत चालताना दिसतात, पण त्यांच्या वजनावरून आपला अंदाज बांधू नये. उघड्या गाळावर गवत किंवा गाळपेरीचे पीक उगवले असेल तर भेगा झाकल्या जातात; हिरवे दिसते म्हणून घट्ट समजू नये.

खरी परीक्षा काठीची. पुरुषभर उंचीची, जाड बांबूची काठी प्रत्येक पावलाआधी समोर रोवावी. हाताच्या साध्या जोराने ती वीतभर आत गेली तर पुढे जाऊ नये, वाट बदलावी. संशय असेल तेव्हा काठी आडवी धरून चालावे, म्हणजे पाय गेला तरी ती पापुद्र्यावर टेकून आधार देते. पाण्यातही काठी तितकीच गरजेची, कारण खड्ड्याची कड पायाला कळण्याआधी काठीला कळते.

सोबतीला दोन माणसे असावीत आणि त्यांत अंतर ठेवावे. एकाच तुकड्यावर दोघे उभे राहू नयेत. एक लांब दोर, हवा भरलेली ट्यूब किंवा थर्माकोलचा तराफा काठावर तयार असावा. गमबूट घालू नयेत. त्यांत चिखल-पाणी भरले की पाय सुटत नाही.

रुतल्यावर

प्रस्तुत लेखकाने भोकरदन तालुक्यातल्या एका लघुतलावावर पाहिलेला प्रसंग या बाबतीत बरेच शिकवणारा आहे. फेकजाळे टाकणारा एक तरुण पाण्यापासून चार पावलांवर असताना पापुद्रा फुटला आणि तो मांडीपर्यंत आत गेला. जाळ्याची दोरी रीतीप्रमाणे मनगटाला अडकवलेली होती. जाळे पाण्यात पडले आणि त्याच्या ओढीने तो पुढे वाकला. त्याने जोर करून एक पाय उपसायला घेतला तेव्हा दुसरा कमरेपर्यंत गेला. धावत निघालेल्या सोबत्याला काठावरच्या एका म्हाताऱ्या भोयाने दरडावून थांबवले, जवळच्या मळ्यातून बाज आणि बैलांचा कासरा मागवला. बाज गाळावर सरकवत तिच्यावर पालथे पडून सोबती जवळ गेला, आधी मनगटाची दोरी कापली आणि मग पाण्याच्या बादल्या मांडीभोवती ओतत पाय हळूहळू मोकळे केले. तरुण सुखरूप निघाला. चपला आणि जाळे तिथेच राहिले.

त्या म्हाताऱ्याच्या रीतीला शास्त्राचा आधार आहे. गाळ माणसापेक्षा घन असल्याने रुतलेला माणूस बहुधा पूर्ण बुडत नाही. कमरेच्या आसपास थांबतो. पण पाय उपसताना खाली पोकळी होते आणि ती भरायला पाणी किंवा हवा मिळाली नाही तर पाय ओढून धरला जातो. २००५ साली अॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी ओल्या सरकत्या वाळूवर प्रयोग केले. सेकंदाला एक सेंटीमीटर वेगाने पाय बाहेर काढायला एक मध्यम मोटारगाडी उचलण्याइतका जोर लागेल, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणून जोर उपयोगी नाही. पाय लहान लहान हिसक्यांनी हलवत भोवती पाणी शिरू द्यावे, पाठीवर रेलून वजन पसरावे, एक पाय मोकळा झाला की तो आडवा ठेवावा आणि आल्या दिशेनेच लोळत किंवा सरपटत यावे.

मदतीला जाणाऱ्यांनी बाज, दार, पत्रा, लाकडी फळी यांपैकी जे मिळेल ते पसरूनच पुढे जावे. दोर काखेखालून बांधावा. ट्रॅक्टरला दोर बांधून माणूस ओढू नये, सांधे निखळतात. रुतलेला माणूस उन्हात असेल तर डोक्यावर ओले फडके आणि घोटघोट पाणी द्यावे, कारण चाळीस-बेचाळीस अंशांत उन्हाचा झटका गाळापेक्षा लवकर जिवावर बेतू शकतो. ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांकाला लगेच फोन करावा.

बुडालेल्याला बाहेर काढल्यावर उलटे टांगून किंवा पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नये. श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यावेत, मग छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने, पाच-सहा सेंटीमीटर खोल दाब द्यावेत. तीस दाबांमागे दोन श्वास, हा क्रम वैद्यकीय मदत येईपर्यंत चालू ठेवावा.

वीज, दोन्ही अर्थांनी

तलावात शेतकऱ्यांच्या मोटारी सोडलेल्या असतात आणि पाणी मागे सरकेल तशा त्यांच्या वायरी लांबवत नेतात. जोड ठिकठिकाणी उघडे असतात. मासेमारीच्या वेळात मोटारी बंद ठेवायला सांगावे, वायर पायाखाली येईल अशा वाटेने जाऊ नये आणि ओले जाळे वायरीवर वाळत टाकू नये.

मे महिन्यातल्या वळिवाच्या दुपारी आकाशातली वीज हाही धोका असतो. उघड्या गाळावर उभा असलेला माणूस आसपासची सर्वांत उंच वस्तू ठरतो. गडगडाट ऐकू येताच पाणी सोडून पक्क्या घरात जावे, झाडाखाली थांबू नये, आणि शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास गेल्याशिवाय परतू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' हे ॲप परिसरातल्या विजेची आगाऊ सूचना देते.

माल आणि मर्यादा

उन्हाळ्यात मासा काही तासांत खराब होतो. माशाच्या वजनाइतका चुरलेला बर्फ सोबत न्यावा आणि मासा निघताच थरांत भरावा. पहाटे आपोआप मरून तरंगणारा मासा विकू नये, खाऊ नये. तो प्राणवायूअभावी मेला की पाण्यात कुणी कीटकनाशक टाकले, हे बाहेरून कळत नाही. पाणी थोडे उरले म्हणून स्फोटके किंवा विष वापरून मासा मारण्याचा मोह काहींना होतो. कायद्याने तो गुन्हा आहे, आणि तेच पाणी गावाची गुरे पीत असतात. ठेक्याच्या तलावात संस्थेच्या परवानगीशिवाय जाळे टाकू नये.

कधी थांबावे

रोहिणीचा पहिला सडाका पडला की हंगाम संपला असे धरावे. भेगांमधून पाणी आत जाते, काळी माती फुगते आणि महिनाभर पेलणारा पापुद्रा एका रात्रीत निसरडा आणि मऊ होतो. काल घातलेल्या वाटेला आज अर्थ उरत नाही. खड्डेही याच सरींनी भरतात. मृगाच्या पुरात अंडी घालायला मासे ओढ्यांकडे चढू लागतात. त्या दिवसांत चढणीचा मासा न धरणे तलावाच्या पुढच्या वर्षाच्या दृष्टीने गरजेचे असते. त्याआधी जाळी काठावर आणावीत. खड्ड्यांच्या कडेचे बांबू मात्र तलाव भरेपर्यंत तसेच ठेवावेत.